अद्भुत चित्राचे कायदे

दिवाळी अंक चाळताना किंवा एखाद्या पुस्तकाचे मुखपृष्ठ पाहताना कधी कधी असे चित्र समोर येते की त्यातली प्रत्येक वस्तू ओळखीची असते, पण चित्र मात्र अनोळखी वाटते. बाभळीला शेंगांऐवजी घागरी लगडलेल्या असतात, बारवेच्या पायऱ्या पाण्यात उतरायच्या त्या एका म्हातारीच्या पदरात उतरतात, किंवा बैलाच्या वशिंडावर अख्खी वस्ती चुली पेटवून बसलेली असते. अशा चित्रापुढे बहुतेक वाचकांची दोनपैकी एक प्रतिक्रिया होते. एक तर चित्रकाराने मनाला येईल ते काढले आहे असे समजून पान उलटले जाते, किंवा घागरी म्हणजे काय आणि म्हातारी म्हणजे कोण याची उत्तरे कोड्यासारखी शोधली जातात. या दोन्ही वाटांनी चित्र हाती लागत नाही, कारण ही शैली मनमानीही नसते आणि सांकेतिक लिपीही नसते. लोककथेच्या आधाराने उभ्या राहणाऱ्या या अतिवास्तव चित्रांना स्वतःचे कायदे असतात, आणि ते बरेच कडक असतात. ते एकदा ध्यानात आले की अशी चित्रे वाचता येतात, त्यातले चांगले कोणते आणि नुसतेच विचित्र कोणते हेही कळू लागते.

आधी अतिवास्तववादाविषयी थोडक्यात. कवी अपोलिनेर यांनी 1917 मध्ये त्यासाठीचा फ्रेंच शब्द पहिल्यांदा वापरला आणि 1924 मध्ये आंद्रे ब्रेताँ यांनी पॅरिसमध्ये या चळवळीचा जाहीरनामा प्रसिद्ध केला. ब्रेताँ यांनी पहिल्या महायुद्धात मनोरुग्ण सैनिकांच्या रुग्णालयात काम केले होते आणि फ्रॉइड यांच्या स्वप्नमीमांसेचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता. जागेपणी बुद्धी ज्या गोष्टींना दाराबाहेर ठेवते त्या स्वप्नात बिनदिक्कत आत येतात, तेव्हा कलेनेही बुद्धीचा पहारा उठवून त्यांना वाट द्यावी, असा त्यांचा साधारण आग्रह होता. साल्वादोर दाली यांचे वितळलेल्या घड्याळांचे 1931 चे चित्र या चळवळीची जणू ओळखच होऊन बसले आहे. ते चित्र प्रत्यक्षात जेमतेम 24 बाय 33 सेंटिमीटरचे, म्हणजे वहीच्या एका मोठ्या पानाएवढे आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की घड्याळे वितळली असली तरी मागचे समुद्रकाठचे कडे दालींच्या स्वतःच्या कॅटलोनियातले आहेत आणि ते अतिशय काटेकोरपणे, उजेड-सावलीसह रंगवलेले आहेत. स्वप्नाला पाय टेकायला खरी जमीन लागते, हे दालींना पक्के ठाऊक होते.

परंतु स्वप्न आणि लोककथा यांत एक मूलभूत फरक आहे आणि या लेखाचा सगळा भर त्या फरकावर आहे. स्वप्न एकट्याचे असते. दालींच्या स्वप्नातले घड्याळ मऊ का, याचे उत्तर दालींपाशीच संपते. लोककथेतले अद्भुत मात्र गावाने मान्य केलेले असते. पिंपळावर मुंजा असतो, पाण्याच्या काठाला साती आसरा असतात, बाळाच्या कपाळावर सटवाई लिहून जाते, या गोष्टींवर ऐकणाऱ्याचा विश्वास असो वा नसो, त्या त्याला समजावून सांगाव्या लागत नाहीत. त्यामुळे लोककथेकडे वळणाऱ्या चित्रकाराला एक मोठी सोय मिळते: वाचक निम्मी वाट आधीच चालून आलेला असतो. त्याबरोबर एक बंधनही येते. स्वप्न कसेही बदलले तर कोणाची तक्रार नसते, पण सटवाईला सूर्यास्ताच्या वेळी अंगणात आणून बसवले तर आजी म्हणेल, अहो, ती रात्री येते. तिचे हे म्हणणे चित्रकाराने गांभीर्याने घ्यावे असे मला वाटते, कारण त्या आक्षेपातच शैलीचा पहिला कायदा दडलेला आहे.

तो कायदा असा की अद्भुत चित्रात शक्यतो एकच नियम मोडावा आणि बाकीचे सगळे जग जागच्या जागी ठेवावे. आपल्या व्रतकहाण्यांची रचना नीट पाहिली तर हेच दिसते. आटपाट नगर असते, तिथे गरीब ब्राह्मण असतो, त्याला लेकी असतात, घरात दाणा नसतो. हे सगळे अगदी रोजच्या व्यवहारासारखे चालते. मग झाड बोलते किंवा नागोबा भाऊ बनून बहिणीला माहेरी न्यायला येतो. त्या प्रसंगी कहाणीतली माणसे दचकत नाहीत, सांगणारी बाई आवाज बदलत नाही आणि पुढच्याच वाक्यात स्वयंपाक, पाहुणचार, लुगडे-चोळी यांची गोष्ट सुरू होते. अद्भुताला विश्वासार्हता येते ती या निर्विकारपणामुळे. झाड बोलते, घर उडते, नाग गातो आणि चंद्र रडतो असे सगळे एकदम घडले तर ऐकणाऱ्याला कशाचेच काही वाटणार नाही. समाजमाध्यमांवर हल्ली यंत्राने तयार केलेल्या ज्या गूढ चित्रांचा पूर आला आहे, त्यातली बहुतेक चित्रे दुसऱ्या नजरेला टिकत नाहीत त्याचे कारण हेच. त्यात इंचाइंचावर काहीतरी नवल असते आणि म्हणून नवल कुठेच नसते.

हा कायदा प्रत्यक्षात कसा चालतो ते पाहण्यासाठी सटवाईचाच विषय घेऊ. मराठवाड्यात अनेक घरांत बाळाच्या जन्मानंतर पाचवी पुजतात. पाटा-वरवंटा मांडून त्याची पूजा होते आणि रात्री सटवाई बाळाचे नशीब लिहायला येणार म्हणून कोरा कागद आणि लेखणी ठेवण्याची पद्धतही पुष्कळ ठिकाणी आहे. आता यावर कथाचित्र काढायचे आहे असे समजा. पहिला मोह कॅलेंडरच्या चित्राचा होतो: मळवट भरलेली, दागिने घातलेली देवी पाळण्याशी बसून कपाळावर लिहिते आहे. हे चित्र चुकीचे नाही, पण त्यात अद्भुत शिल्लक राहत नाही, कारण देवी माणसासारखी बसली आणि माणसासारखी लिहू लागली की ती शेजारची एखादी काकूच होते. दुसरा मोह दालीछाप स्वप्नाचा होतो: पाळणा आकाशात, लेखण्यांना पंख, बाळाच्या कपाळातून नदी वाहते. हे पाहायला चमकदार दिसेल, पण पाचवीच्या रात्रीशी त्याचा संबंध तुटलेला असेल.

तिसरी वाट अशी. खोली आजची काढायची. पत्र्याचे छत, भिंतीला खुंटीवर टॉवेल, कोपऱ्यात झिरोचा बल्ब, मच्छरदाणी, खाटेवर कुशीला वळून झोपलेली बाळंतीण, उशाशी बाळंतकाढ्याची बाटली. जमिनीवर पाटा, त्यावर हळद-कुंकू लावलेला उभा वरवंटा, पुढे कोरा कागद आणि साधे बॉलपेन. यातली कोणतीही वस्तू वाकवायची नाही, वितळवायची नाही. बदल एकच करायचा: बल्बच्या उजेडात वरवंट्याची जी सावली भिंतीवर पडते, तिला एक हात असेल आणि तो हात लिहीत असेल. पेन जागेवरच आहे, कागद कोराच आहे. सावलीतली लेखणी मात्र भिंतीवरून बाळाच्या झोळीच्या सावलीपर्यंत पोहोचली आहे. या चित्रात सटवाई दाखवलेली नाही, पण ती आलेली आहे हे सांगावे लागत नाही. ज्याला पाचवीची प्रथा ठाऊक नाही त्यालाही सावलीचा हात दिसतो आणि दगडाची सावली लिहिते आहे एवढे तरी त्याच्या मनात राहते. ज्याला ठाऊक आहे त्याला कागद कोरा असण्याचाही अर्थ लागतो. उत्तम कथाचित्र असे दोन्ही वाचकांना पुरते.

या उदाहरणात सावलीचा नियम मोडला. देहाचा नियम मोडणे हा त्याहून जुना आणि धीट प्रकार आहे, आणि त्याची फार विलक्षण उदाहरणे मराठवाड्याच्या दोन टोकांना आहेत. धाराशिव जिल्ह्यातले तेर म्हणजे प्राचीन तगर. सातवाहनकाळात रोमन जगाशी व्यापार करणारे हे शहर होते. तिथे सापडलेल्या पुरावशेषांत लज्जागौरीच्या लहान मूर्ती आहेत. लज्जागौरीची मूर्ती ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगायचे तर ती उताण्या, गुडघे दुमडून पाय फाकवलेल्या, प्रसूतीच्या किंवा सर्जनाच्या अवस्थेतल्या स्त्रीची मूर्ती असते आणि या प्रकारच्या अनेक मूर्तींत मानेवर डोके नसते. डोक्याच्या जागी उमललेले कमळ असते. दुसऱ्या टोकाला, नांदेड जिल्ह्यातल्या माहूरच्या गडावर, रेणुकेचे स्थान आहे. तिथे गाभाऱ्यात देवीचे धड नाही. शेंदराने माखलेले भव्य मुखच आहे आणि त्या मुखाला तांबूल अर्पण करतात. एकीकडे डोके नसलेला देह आणि दुसरीकडे देह नसलेले डोके. परशुरामाने पित्याच्या आज्ञेवरून आईचे शिर उडवले ही कथा सर्वांना ठाऊक आहे, आणि दक्षिणेत तर पुन्हा जिवंत करताना दोन स्त्रियांच्या शिरांची अदलाबदल झाली असाही पाठ सांगितला जातो. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी लज्जागौरीवर 1978 मध्ये जो ग्रंथ लिहिला, त्यात या मूर्तींचे रेणुका-यल्लमेच्या उपासनेशी असलेले नाते उलगडून दाखवले आहे.

चित्रकाराच्या दृष्टीने पाहण्यासारखी गोष्ट अशी की मूर्तिकाराने शिराच्या जागी कमळ बसवले ते सजावट म्हणून नव्हे. चेहरा असता तर ती कोणीतरी विशिष्ट बाई झाली असती. चेहरा काढून टाकला आणि तिथे जमिनीतून, पाण्यातून वर येणारी वस्तू ठेवली, की बाई आणि माती यांच्यातली रेघ पुसली जाते. म्हणजे देहातले काय काढायचे आणि त्या जागी काय ठेवायचे याला कारण आहे. 1920 च्या दशकात पॅरिसमधले अतिवास्तववादी एक खेळ खेळत असत: कागदाची घडी घालायची, एकाने डोके काढायचे, दुसऱ्याने न पाहता धड आणि तिसऱ्याने पाय. त्यातून निघणारे प्राणी गमतीदार असत, पण ते योगायोगाने जुळलेले असत. लोकपरंपरेतले जोडदेह योगायोगाने जुळत नाहीत. आपल्याकडच्या किल्ल्यांच्या दरवाजांवर शरभ कोरलेले असतात. सिंहासारखा हा काल्पनिक पशू कधी कधी पंजांत आणि तोंडात हत्ती धरून उभा असतो. हत्ती त्याच्यापुढे मांजराच्या पिलाएवढा असतो, कारण शिल्पकाराला प्राणिशास्त्र सांगायचे नसून दरवाजातून आत येणाऱ्याला मालकाचे बळ सांगायचे आहे. आकार हा अंतरावर नव्हे तर महत्त्वावर ठरतो, हा लोकचित्रांचा नियम तिथे दगडात दिसतो. आजचा कथाचित्रकार जेव्हा डोंगराएवढी म्हातारी आणि तिच्या बोटावर एसटी काढतो, तेव्हा तो हाच नियम वापरत असतो.

काळाचा नियम मोडणेही आपल्याला नवे नाही. मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत मारुतीच्या देवळाशेजारी किंवा वेशीपाशी वीरगळ उभे असतात आणि पुष्कळदा त्यांच्यावर पोरे क्रिकेटचे सामान ठेवतात. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. तळाच्या चौकटीत लढाई आणि पडलेला वीर, त्याच्या वरच्या चौकटीत त्याला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, त्याच्या वर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. एकच माणूस एकाच दगडावर मेलेलाही आहे, वाटेतही आहे आणि पोहोचलेलाही आहे. अजिंठ्याच्या 17 क्रमांकाच्या लेण्यात सिंहल या व्यापाऱ्याची कथा रंगवली आहे ती याच्या पुढची पायरी म्हणावी लागेल, कारण तिथे चौकटीही नाहीत. जहाज फुटून बेटावर आलेले व्यापारी, त्यांचे स्वागत करणाऱ्या सुंदर स्त्रिया, आणि त्याच स्त्रिया नरभक्षक राक्षसिणी झालेल्या, असे वेगवेगळ्या वेळचे प्रसंग एकाच भिंतीवर एकमेकांना लागून येतात. चित्रकाराने सुंदर स्त्रिया आणि राक्षसिणी यांच्यासाठी दोन वेगळ्या शैली वापरलेल्या नाहीत. ज्या हळुवार रेषेने पहिल्या काढल्या त्याच रेषेने दुसऱ्या. भीती वाटते ती त्यामुळेच. मराठवाड्यात राहून या शैलीत काम करू पाहणाऱ्या तरुण चित्रकारांनी परदेशी चित्रकारांची पाने जमवण्याआधी ही भिंत दुर्बिणीने का होईना नीट पाहावी, असे माझे मत आहे.

पैठणच्या नावाने ओळखली जाणारी चित्रकथी परंपरेतली चित्रेही याच घराण्यातली. पोथीतली पाने एकेक करून समोर धरायची आणि गात-बोलत कथा सांगायची, असा तो प्रकार. मोठाले टपोरे डोळे, बाजूने दाखवलेले चेहरे, सपाट रंग आणि ठसठशीत बाह्यरेषा यांमुळे ती दुरूनही कळतात. तिथे चित्र एकटे नसते. आवाजाच्या आधाराने ते पूर्ण होते. छापील कथाचित्राचेही थोडेफार तसेच आहे. शेजारी मजकूर असतो आणि मजकुरात जे आले ते चित्रात पुन्हा काढण्यात काही हशील नसते.

मार्क शगाल हे नाव या शैलीच्या संदर्भात वारंवार घेतले जाते आणि ते योग्यच आहे, जरी त्यांनी स्वतःला अतिवास्तववाद्यांच्या कंपूत कधी धरले नाही. आजच्या बेलारूसमधल्या विटेब्स्क गावात वाढलेल्या शगालनी 1911 मध्ये पॅरिसमध्ये बसून आपल्या गावाचे जे मोठे चित्र काढले, त्यात हिरव्या चेहऱ्याचा माणूस आणि जनावर एकमेकांकडे पाहतात, जनावराच्या गालातच एक बाई दूध काढत बसली आहे आणि मागच्या गल्लीत काही घरे व एक बाई उलटी आहेत. शगालच्या चित्रांतली माणसे छपरांवरून उडतात, तरंगतात. यामागे त्यांची मातृभाषा यिडिश (पूर्व युरोपातल्या ज्यूंची भाषा) आहे, असे अभ्यासकांनी दाखवले आहे. दारोदार भीक मागत फिरणाऱ्यासाठी त्या भाषेत जो वाक्प्रचार आहे, तो अक्षरशः घेतला तर माणूस घरांवरून चालतो असा होतो, आणि शगालनी तो अक्षरशः घेतला.

हे तंत्र मराठीत वापरायला अपार वाव आहे, आणि त्याचा उपयोग फारसा झालेला नाही याचे मला आश्चर्य वाटते. आपण हातावर पोट असलेला माणूस म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे काहीच येत नाही इतका तो वाक्प्रचार झिजला आहे. पण खरोखरच एक माणूस तळहातावर स्वतःचे पोट घेऊन, ते सांडू नये म्हणून जपून पावले टाकत, मजुरांच्या नाक्यावर उभा आहे असे चित्र काढा, म्हणजे झिजलेल्या शब्दांना पुन्हा धार येते. बीड जिल्ह्यातून दरवर्षी ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला तिकडे एक कोयता म्हणतात. मुकादम उचल देतो ती कोयत्याच्या हिशेबाने. दोन माणसांचे एक हत्यार होणे याहून अतिवास्तव कल्पना कोणत्या चित्रकाराला सुचली असती? चित्रात एका लांब पात्याला दोन देह मुठीसारखे जोडलेले, पात्यावर बिऱ्हाड, भांडी, शेळी आणि पाठीला बांधलेले मूल, आणि मागे ट्रॅक्टरच्या दिव्यांच्या उजेडात उभा ऊस. इथे चित्रकाराने काही कल्पिलेलेच नाही. व्यवहारात रुळलेली गोष्ट त्याने नुसती डोळ्यांना दिसेल अशी केली. लोककथा म्हणजे फक्त भूतखेत आणि देवदेवता, अशी समजूत असेल तर हे हातचे निसटते. बोलीत, हिशेबात, शिवीत आणि उखाण्यातही लोकांची कल्पनाशक्ती साठलेली असते.

मुक्ताईच्या नावावर असलेल्या अभंगात मुंगी आकाशात उडून सूर्याला गिळते आणि माशीला घार होते. अशा कूट रचनांवर चित्रे काढण्याचा मोह अनेकांना होतो, पण मला ते जपून करावे असे वाटते. तिथे प्रत्येक ओळीत एक नियम मोडतो आणि त्यामागे अध्यात्माचा अर्थ असतो. शब्दांत ते झपाट्याने निघून जाते म्हणून झेपते. कागदावर मुंगी, सूर्य, विंचू आणि घार शेजारी शेजारी बसली की जत्रेतला फलक होतो. त्यातली एकच ओळ घ्यावी.

आता एक अवघड प्रश्न उरतो. लोकदैवतांना बहुधा रूपच नसते. म्हसोबा म्हणजे शेंदूर लावलेला दगड, साती आसरा म्हणजे पाण्याच्या काठाला मांडलेले सात दगड, वेळ अमावस्येला शेतातल्या कोपीत पुजतात ते पांडव म्हणजे चुन्याने रंगवलेले पाच दगड. ज्याला डोळे-नाक नाही त्याचे चित्र कसे काढायचे? या प्रश्नाला अलीकडच्या काळात सर्वांत समर्थ उत्तर दिले ते मध्य प्रदेशातल्या पाटणगढचे जनगढ सिंह श्याम (1962–2001) यांनी. परधान गोंडांमध्ये देवांच्या कथा गाण्याची परंपरा होती, पण त्या देवांची चित्रे नव्हती. चित्रकार जे. स्वामिनाथन यांच्या पुढाकाराने जनगढ भोपाळच्या भारत भवन या कलाकेंद्रात आले आणि गाण्यातले देव त्यांनी कागदावर उतरवले. ठिपक्यांच्या, बारीक रेघांच्या ओळींनी भरलेले ते देह अंगात काहीतरी थरथरत असल्यासारखे दिसतात. त्यांनी देवांना कॅलेंडरमधले चेहरे दिले नाहीत, तर पोत दिला, आणि तो सूत्रबद्ध पोत हीच त्यांची ओळख झाली. त्यांचे पुतणे भज्जू श्याम लंडनला एका उपाहारगृहाच्या भिंती रंगवायला गेले तेव्हा त्यांनी ही दृष्टी उलट दिशेने वापरली. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चित्रांत विमान म्हणजे पंख फुटलेला हत्ती आहे, भुयारी रेल्वे म्हणजे जमिनीखालचे गांडूळ आहे आणि बिग बेनचे घड्याळ पहाटे वेळ सांगणाऱ्या कोंबड्याशी एकजीव झाले आहे. लोककथा जुन्या गोष्टींसाठीच असते असे नाही. नवीन वस्तू समजून घेण्याचीही ती रीत आहे, हे त्या चित्रांतून सहज पटते. मराठवाड्यातही किनवट-माहूरच्या भागात गोंड, कोलाम, आंध समाजांची वस्ती आहे, तेव्हा हा वारसा आपल्यापासून फार लांबचा नाही.

कोलकात्याचे गणेश पाईन (1937–2013) यांचा मार्ग याहून अगदी वेगळा. आजीच्या गोष्टींतून आलेले राजे, होड्या, हाडे, दिवे त्यांच्या चित्रांत आहेत, पण ते जवळजवळ अंधारात आहेत. टेम्परा (अंड्याचा बलक किंवा डिंक अशा चिकट द्रवात कालवलेले रंग) या माध्यमात ते पातळ थरांवर थर देत, त्यामुळे उजेड वस्तूवर पडल्यासारखा न वाटता वस्तूच्या आतून झिरपल्यासारखा वाटतो. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या आणि पुढे मेक्सिकोत स्थायिक झालेल्या लिओनोरा कॅरिंग्टन (1917–2011) यांनीही लहानपणी ऐकलेल्या आयरिश कथांतले प्राणी आणि चेटकिणी रंगवताना टेम्पराचा वापर केला. यात योगायोग थोडा आणि गरज जास्त असावी. या माध्यमात भराभर फटकारे मारता येत नाहीत, बारीक रेघांनी सावकाश काम करावे लागते, आणि अशक्य गोष्ट सावकाश, तपशिलाने काढली की ती पटू लागते.

लोकपरंपरेतले घेताना ज्याची ती परंपरा आहे तो समाज समोर असतो, याचे भान सुटले की ही शैली फार लवकर पोकळ होते. मरीआईच्या नावाने अंगावर आसूड ओढणारा पोतराज चित्रकारांना आवडतो: उघडे अंग, कमरेला चिंध्यांचे रंगीत आभरण, घुंगरू, मोकळे केस. पण तो एखाद्या चित्रपटातल्या बलदंड नायकासारखा, मागे विजा चमकताना काढला की त्याच्या पोटासाठी चाललेल्या भटकंतीचे आणि त्याला त्या वाटेला लावणाऱ्या जातिव्यवस्थेचे काय झाले, असा प्रश्न पडतो. गोंधळी, वासुदेव, वाघ्या-मुरळी यांचेही तेच. अद्भुत हे त्यांच्या वेषात नाही, त्यांच्या कथनात आहे. लोकसाहित्याचे अभ्यासक डॉ. प्रभाकर मांडे यांनी मराठवाड्यात हिंडून जे गोळा केले त्यात वेषाइतकेच विधी, गाणी आणि माणसांचे जगणेही आहे. चित्रकाराने मुळापर्यंत जायचे तर ते लेखन वाचावे आणि शक्य तिथे गोंधळ रात्रभर बसून ऐकावा. दोन तासांत फोटो काढून आणलेला गोंधळ चित्रात लगेच ओळखू येतो.

राहिला रंग. मराठवाड्याच्या लोकदैवतांचा रंग विचारला तर उत्तर शेंदरी हेच. शेंदूर तेलात कालवून वर्षानुवर्षे लावला की दगडाचा आकार हळूहळू बदलत जातो, कोपरे बुजतात, गोलाई येते, आणि कधीतरी तो जाड थर कवचासारखा गळून पडतो तेव्हा आतली मूळ मूर्ती दिसते व गावात चर्चा होते. काळी माती, वाळलेला कडबा, पत्रा आणि चुना यांच्या पार्श्वभूमीवर तो रंग एकदम उठून दिसतो. पण छापखान्यात हाच रंग दगा देतो. चार रंगांच्या छपाईत शेंदरी असा वेगळा रंग नसतो. पिवळ्या आणि किरमिजी शाईच्या ठिपक्यांतून तो तयार करावा लागतो, आणि संगणकाच्या पडद्यावर झगझगणारा शेंदरी कागदावर येताना विटकरीकडे झुकतो. हलक्या कागदावर तर शाई शोषली जाऊन तो आणखी मरतो. चित्रकाराने मग भरपाई म्हणून आजूबाजूला निळा-जांभळा वाढवला की सगळे चित्र भडक होते.

यावर जुना उपाय चांगला आहे. 1909 साली का. र. मित्र यांच्या 'मनोरंजन'ने दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली, तेव्हापासून पुढची कित्येक वर्षे आतली कथाचित्रे बहुतांशी एका किंवा दोन शाईंत छापली जात आणि चित्रकार त्या मर्यादेत काम करायला शिकत. अजूनही मुद्रकाला सांगितले तर काळ्याबरोबर शेंदरीची स्वतंत्र, तयार कालवलेली शाई वापरता येते; त्या पानासाठी दोनच प्लेट लागतात आणि रंग पाहिजे तसा येतो. शाई निवडताना मुद्रकाकडचा नमुना त्याच कागदावर उठवून दिवसाच्या उजेडात पाहावा. काळ्यात सगळी खोली, छत, मच्छरदाणी, बाळंतीण आणि पाटा काढावा, आणि शेंदरी फक्त तिथे द्यावा जिथे नियम मोडला आहे, म्हणजे वरच्या उदाहरणात भिंतीवरच्या सावलीच्या हाताला. वरवंट्यावरच्या कुंकवालाही तो द्यावासा वाटेल. तिथे काळ्या ठिपक्यांवर भागवावे.